मृत्युपत्र लिहायला बसण्याची पूर्वतयारी

मृत्युपत्र करायला हवं, हे तुम्हाला पटलेलं आहे. पटून बरीच वर्षं झाली. राहिलंय ते फक्त बसणं. ती उमेद कशी आणावी, याचं हे शास्त्रशुद्ध मार्गदर्शन.

आधी मुहूर्त. पितृपक्षात अर्थातच नको. उगाच रांगेत नंबर लावल्यासारखं दिसतं. नवरात्र-दिवाळीत असला विषय काढायचा नसतो. पौषात शुभकार्य करत नाहीत, आणि मृत्युपत्र हे शुभकार्य आहे की नाही यावर घरात एकमत होईपर्यंत मार्च उजाडतो. मार्चमध्ये टॅक्सची कामं. मे महिन्यात मुलं-नातवंडं येतात, त्यांच्यादेखत लॉकरची किल्ली कशी काढणार? उरला जून. त्यात गच्ची गळते.

मुहूर्त हुकला की अभ्यास सुरू करावा. इथे एक धोका आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ६३ उघडलंत, तर कायदा फारच थोडं मागतो असं लक्षात येईल. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की काम संपलं. टाळायला इतकी कमी जागा ठेवणारा कायदा आळशी माणसावर अन्याय करणारा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘पण मी सगळीकडे नॉमिनी टाकलाय की!’ हे वाक्य बहुतेकांना आणखी दहा वर्षं पुरतं. ते वापरण्याआधी एवढं बघा, की शेअर्स आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी हा मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगून टाकलंय.

तरीही हात उठत नसेल, तर रामबाण उपाय. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला, तर १९५६च्या कायद्याने त्याची पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई यांना समान वाटा मिळतो. यातलं शेवटचं नाव दुपारच्या चहाला, बशीत बिस्किट बुडवता बुडवता, सहज म्हणून सौभाग्यवतींसमोर उच्चारावं. उमेद तुम्हाला येण्याची गरजच पडत नाही. संध्याकाळपर्यंत टेबलावर फूलस्केप कागद, चालू स्थितीतलं पेन आणि चष्मा हजर असतो.

आता प्रत्यक्ष लेखन. लहान कामापासून सुरुवात करा, असं सगळे सांगतात. इथे ते अजिबात ऐकू नये. फ्लॅट, एफडी, पीपीएफ हे अर्ध्या तासात उरकतं; आकडे भागता येतात. आईच्या पाटल्या दोन आणि सुना तीन, हे गणित कुठल्याच शाळेत शिकवलेलं नाही. तांब्याचं घंगाळं पंधरा वर्षं माळ्यावर पडलंय, कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. ते एकीच्या नावाने लिहा, की दुसरीला त्यात आपलं बालपण दिसू लागलंच. खरं तर मृत्युपत्र रखडतं ते मरणाच्या भीतीने नव्हे. आपण गेल्यावर ते वाचताना तीन चेहरे कसे होतील, हे आत्ताच दिसतं म्हणून रखडतं. तेव्हा घंगाळं आजच मोडीत काढा.

साक्षीदार वयाने लहान आणि तब्येतीने ठणठणीत निवडावेत. वाटणीत ज्यांचं नाव आहे, त्यांना बोलावू नये. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, तुम्हाला सही करताना पाहिलं आणि तुमच्यासमोर स्वतः सही केली की पुरे. मात्र न वाचता सही करणारा माणूस तुमच्या सोसायटीत अजून राहायला आलेला नाही. कागद घडी घालून, फक्त सहीची जागा उघडी ठेवून पुढे करावा, आणि वर पोह्यांची बशी ठेवावी.

सही झाली की जेवताना एकच वाक्य टाका : ‘हयातीत हे कितीही वेळा बदलता येतं म्हणे.’ पुण्याच्या मुलाचा फोन दर रविवारी येऊ लागेल. अमेरिकेतल्याचा बुधवारीही.