लेबलभाऊ

संध्याकाळी सातनंतर ओसाकातल्या कुठल्याही सुपरमार्केटात जा. तयार डब्यांच्या कप्प्याभोवती माणसं घुटमळत असतात. कर्मचारी निम्म्या किमतीचं स्टिकर कधी चिकटवतोय, याकडे सगळ्यांचे डोळे. ब्रेडच्या फळीपुढे मात्र एक गृहस्थ एकटाच उभा दिसेल. पाकीट पालथं धरलेलं, त्यावर मोबाइलचा कॅमेरा, कपाळाला आठ्या. ते आमचे लेबलभाऊ. पाकिटाची पुढची बाजू त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलेली नाही.

लेबलभाऊ ही व्यक्ती नव्हे, जमात आहे. एक टोयोनाकाला राहतो, एक सुइताला विद्यापीठाच्या बाजूला, आणि सध्या कोबेलाही एक तयार होतोय असं ऐकतो. सोयीसाठी सगळे मिळून एकच धरू.

भाऊ जन्मतः असे नव्हते. ठाण्याला असताना स्टेशनाबाहेरचा वडा रद्दीच्या कागदावरून शाईसकट खाऊन ते लोकल पकडत. वड्याच्या तेलाचं वय विचारायची तिथे रीत नव्हती. जपानला आले आणि एका रात्रीत अक्षरशत्रू झाले. घरात दोघांच्या मिळून चार पदव्या, आणि मीठ कुठलं नि साखर कुठली ते पाकिटावरून कळेना! एकदा पाहुण्यांच्या चहात मीठ गेलं आणि भाऊंनी लेबल वाचण्याचा पण केला. आज दाताच्या डॉक्टरला कुठला दात दुखतोय ते भाऊंना जपानीत सांगता येत नाही. पण 'होझोनर्यो' म्हणजे माल टिकवणारं द्रव्य आणि 'चाकुशोकुर्यो' म्हणजे रंग, ही अक्षरं ते दहा फुटांवरून ओळखतात.

शिकवतातही. नव्याने आलेलं जोडपं हाती लागलं की त्याची पहिली सहल ओसाकाच्या किल्ल्याला नव्हे, किराणा भरायला निघते. "ही तिरकी रेघ बघा. रेघेच्या अलीकडे खाण्याच्या वस्तू, पलीकडे तेन्काबुत्सु, म्हणजे वरून घातलेलं सगळं. जे वजनाला जास्त ते आधी लिहितात. साखर पहिल्या नंबरावर असली तर बिस्किट विसरा, तुम्ही साखर विकत घेताय." हे खरंच उपयोगी आहे, आणि त्याचं श्रेय भाऊंना द्यायलाच हवं. जपानमध्ये २०१५ पासून लागू झालेल्या अन्न-लेबलांच्या कायद्याने घटक आणि वरची द्रव्यं अशी वेगळी दाखवावी लागतात. अडचण रेघ ओलांडल्यावर येते. भाऊंच्या लेखी पलीकडे शत्रूराष्ट्र.

वहिनींना ताकुआन आवडतं, म्हणजे मुळ्याचं पिवळंधमक लोणचं. त्यांनी पाकीट उचललं, भाऊंनी कॅमेरा रोखला. रेघेपलीकडे 'उकोन शिकिसो'.

"रंग आहे. ठेव परत."

"अहो, उकोन म्हणजे हळद ना?"

"हळदच. पण इथे रंग म्हणून घातलीय."

"आणि आपण वरणात कशासाठी घालतो?"

पाकीट पिशवीत गेलं. भाऊ रस्ताभर काही बोलले नाहीत.

तरी हळद परवडली. 'अमिनो आम्ल वगैरे' हे शब्द दिसले की भाऊंचा रक्तदाब चढतो. हे म्हणजे बहुतेक वेळा ते बदनाम अजिनोमोटो, नाहीतर त्याचे भाऊबंद. ते टाळायला भाऊ कुरोमोन बाजारातून होक्काइदोचं महागडं कोम्बु आणतात, म्हणजे वाळवलेली समुद्री वनस्पती, आणि रात्रभर पाण्यात भिजवून आमटीला वापरतात. ओसाकाच्या स्वयंपाकाचा पायाच तो. पूर्वी उत्तरेकडची जहाजं कोम्बु भरून इथे उतरवत. शहराला देशाचं स्वयंपाकघर म्हणत ते उगाच नाही. गंमत एवढीच की किकुनाए इकेदा या टोकियोच्या प्राध्यापकाने १९०८ मध्ये ग्लुटामेट शोधून काढलं ते याच कोम्बुच्या पाण्यातून, आणि पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो म्हणून बाजारात आलं. म्हणजे भाऊ तेच द्रव्य पाचपट पैसे मोजून आणि रात्रभर वाट पाहून खातात. मी हे एकदा सांगून पाहिलं. "ते नैसर्गिक आहे," भाऊ म्हणाले, आणि मला दुसरी वाटी वाढली. आमटी उत्तम होती.

'मुतेन्का', म्हणजे वरून काही न घातलेलं, हा भाऊंचा जपातला शब्द. एप्रिल २०२४ पासून सरकारी मार्गदर्शक सूचना पुऱ्या लागू झाल्या आणि काय घातलं नाही ते न सांगता नुसतं मोघम 'मुतेन्का' छापणं दिशाभुलीत मोजलं जाऊ लागलं. भाऊंनी ती बातमी घरात सुतक आल्यासारखी सांगितली.

पण भाऊंचा खरा स्वभाव कळतो तो लेबल नसलेल्या ठिकाणी. दोतोम्बोरीला ताकोयाकीच्या, म्हणजे ऑक्टोपस घातलेल्या गोळ्यांच्या, गाडीसमोर उभे राहून ते सहा गोळे तोंड भाजत खातात, वर तपकिरी सॉसची धार आणि मेयोनीज. त्या सॉसच्या बाटलीवर काय काय लिहिलंय ते मी पाहिलंय. रेघेपलीकडची यादी अलीकडच्यापेक्षा लांब. पण बाटली दुकानदाराच्या हातात, भाऊंच्या हातात नुसता होडीच्या आकाराचा ट्रे.

आणि ठाण्याहून येणारी बॅग! तिची तर पूजाच बांधायची बाकी. गोडा मसाला दुधाच्या पिशवीत, हळद जुन्या हॉर्लिक्सच्या बरणीत, तिखट कुठल्याशा मावशींच्या ओळखीच्या गिरणीतलं. कशावर तारीख नाही, घटक नाहीत, रेघ तर नाहीच. हळदीत पिवळा रंग मिसळतात म्हणून आपल्याकडे छापे पडतात, हे भाऊंना ठाऊक आहे. "पण ही आपल्या माणसांकडची आहे," असं म्हणून ते बरणीचा वास घेतात, डोळे मिटतात आणि तपासणी संपते.

मार्च २०२४ मध्ये मात्र ते हादरले होते. औषधांच्या जुन्या पेठेत, दोशोमाचीत, मुख्यालय असलेल्या कोबायाशी फार्मास्युटिकलने बेनिकोजीच्या गोळ्या बाजारातून परत मागवल्या. लाल बुरशीने आंबवलेला तांदूळ, कोलेस्टेरॉलवर उपाय, अगदी भाऊंच्या पंथातला माल. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, आणि त्या गोळ्यांत निळ्या बुरशीतून आलेलं प्युबेरुलिक आम्ल सापडलं. भाऊंनी बातमी वाचून फोन केला. "लेबलावर नव्हतं हो ते!" कसं असणार? आगंतुक बुरशी आपलं नाव छापायला देत नाही. दोन दिवस भाऊ गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइलसाठी जास्त मोठं करून दाखवणारी भिंगाची क्लिप मागवली.

एवढ्या सगळ्या बंदोबस्ताला हरवलं ते बसमधल्या एका ओबाचानने. ओसाकाच्या आजीबाईंच्या पर्समध्ये चोखायच्या गोड गोळ्या असतातच, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला देण्यासाठीच असतात. तिने "अमेचान?" म्हणत एक भाऊंच्या हातावर ठेवली. भडक हिरवी. भाऊंनी सवयीने कागद उलटा केला, तर मागे काहीच नाही. घटक सगळे मोठ्या पाकिटावर आणि मोठं पाकीट आजींच्या घरी. आजी हसून बघत होत्या. भाऊंनी गोळी तोंडात टाकली, चोखली आणि विचारलं, वहिनींसाठी एक मिळेल का?