शेजारचा घरफोड्या

ठाण्याच्या नौपाड्यापासून डोंबिवलीच्या पेंडसेनगरापर्यंत आणि पुढे कल्याणच्या पारनाक्यापर्यंत रात्री साडेअकरानंतर जे घरफोडे कामाला लागतात, त्यांची नोंद कुठल्याच पोलीस ठाण्यात सापडायची नाही. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत नाहीतर विमा कंपनीत, अंगात बनियन, कानांवर हेडफोन. ओटा पुसून झाला, मुलं झोपली, की हा गृहस्थ संगणकावर ‘थीफ’ उघडतो आणि कुणा सरदाराच्या वाड्यात शिरतो. खेळ १९९८चा, तो काढणारी अमेरिकेतली लुकिंग ग्लास स्टुडिओज २००० साली बंदही पडली. पण जुनी स्कूटर जपणाऱ्याला जुन्या खेळाचं काय ओझं? सभ्य माणसाला हे कसले डोहाळे, असं सोसायटीतली मंडळी म्हणतात. वास्तविक याच्याइतका सभ्य प्रवासी मध्य रेल्वेवर शोधून सापडणार नाही, आणि त्याचा पुरावा म्हणजे त्याची ही चोरीच.

खेळाचे नियमच पाहा. नायक गॅरेटकडे तलवार असते, पण ती उपसण्याची वेळ आली म्हणजे डाव फसला. खरा कारभार उजेडाचा आणि आवाजाचा. पडद्याच्या तळाशी एक रत्न असतं, आपण उजेडात आलो की ते उजळतं. फरशीवर पाऊल वाजतं, गालिच्यावर वाजत नाही. म्हणून वाजणाऱ्या जमिनीवर शेवाळाचा बाण मारायचा आणि मशाल विझवायला पाण्याचा. सर्वांत अवघड पातळीवर तर माणूस मारायलाच बंदी. आता हे सगळं डोंबिवलीकराला नवीन आहे काय? शेवटच्या गाडीनं येऊन लॅचची किल्ली आवाज न करता फिरवणं, बाहेरच्या खोलीत अंथरलेल्या पाहुण्यांना ओलांडणं, उजेड तोंडावर पडू नये म्हणून फ्रिजचं दार चार बोटंच उघडणं, भांड्याला भांडं लागू न देता झाकलेली आमटी काढणं, ही विद्या वन रूम किचननं त्याला वीस वर्षं फुकट शिकवली आहे. घरात तिचं कौतुक कुणी केलं नाही. खेळात निदान मोहीम फत्ते झाल्याचं लिहून येतं.

अशा खेळानं माणूस चोरी शिकेल, हा आक्षेप ठरलेला. पण मग शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चं काय करायचं? त्यातला शर्विलक भिंतीला भोक पाडण्याआधी त्याचा आकार कलात्मक कसा होईल याचा विचार करतो आणि मापाची दोरी विसरली म्हणून जानव्यानं माप घेतो. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं. ते पाहून कुणी जानवं घेऊन भिंती मोजत हिंडल्याचं ऐकिवात नाही. शिवाय आपला घरफोड्या दर दोन मिनिटांनी खेळ सेव्ह करतो. पहारेकऱ्यानं नुसतं ‘कोण आहे?’ म्हटलं, की मागच्या नोंदीवर परत. रिकरिंग डिपॉझिटवर वाढलेल्या या माणसाला खऱ्या घरफोडीतली ‘परत फिरता येत नाही’ ही अट कधीच मानवणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: इतकी सभ्यता आहे तर चोरीच कशाला, बाग फुलवण्याचा खेळ खेळावा. याचं उत्तर लुटीत नाही, वाड्यात आहे. ज्याला सकाळ-संध्याकाळ लोकलमध्ये परक्याच्या कोपरावर मान टेकून उभं राहावं लागतं, त्याला लांबच लांब, अंधारा, रिकामा व्हरांडा हीच खरी दौलत वाटते. तो तिथे उगीचच पाच-पाच मिनिटं उभा राहतो. सोन्याचे पेले मात्र शेवटचा सापडेपर्यंत सोडत नाही, कारण मोहिमेअखेर किती ऐवज होता आणि किती हाती लागला याचा हिशेब येतो, आणि ताळा जमल्याशिवाय बँकेतल्या माणसाला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो गाडीत शेजाऱ्याच्या खांद्यावर पेंगतो, एवढी तक्रार मात्र रास्त आहे.

तेव्हा मे महिन्यात गावी जाताना घराची किल्ली कुणाकडे ठेवावी असा प्रश्न पडला, तर खुशाल याच्याकडे ठेवा. कुंड्यांना पाणी घालून जाईल, आणि खालच्या मजल्यावर पावलांचा आवाजही जाणार नाही.