पथ्यावर

हिंगात गहू असतो हे मला वयाच्या ४३व्या वर्षी कळलं. तोवर हिंग म्हणजे नुसता हिंग. वरणाच्या फोडणीत चिमूटभर टाकायचा, तान्ह्या बाळाचं पोट दुखलं तर बेंबीभोवती लावायचा. खरा हिंग म्हणजे इराण-अफगाणिस्तानकडच्या एका झुडपाच्या मुळातून निघणारा चीक. तो इतका उग्र असतो की डबीत भरण्याआधी त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीवर तसं बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. पण हिंगाची डबी वाचतं कोण? मी वाचते. गेली नऊ वर्षं मी डब्या, पुड्या आणि बाटल्या वाचते आहे. पूर्वी दिवाळी अंक वाचायचे.

त्याआधी दहाबारा वर्षं माझं हिमोग्लोबिन आठाच्या वर सरकायला तयार नव्हतं. त्यावर साताऱ्यातल्या झाडून सगळ्यांनी उपाय सांगितले. खजूर, बीट, अळिवाचे लाडू, लोखंडी कढईतली भाजी. लोहाच्या गोळ्या मी इतक्या गिळल्या की त्या साठवल्या असत्या तर एक कढई सहज ओतून झाली असती. एका डॉक्टरांनी ‘बायकांचं हे चालायचंच’ म्हणून विषय मिटवला. पोट सदा फुगलेलं, जिना चढताना धाप, आणि अशक्तपणा जावा म्हणून मी भक्तिभावाने खात होते काय, तर गव्हाच्या सत्त्वाची खीर!

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक निराळी तपासणी करायला लावली, मग दुर्बीण घातली. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तीच अन्नातलं सत्त्व शोषून घेते. माझ्या मखमलीचा पार मांजरपाट झाला होता. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की माझ्याच शरीरातले पहारेकरी माझ्याच घरावर दगडफेक करत होते. या आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. ‘कोइलिया’ म्हणजे पोट या ग्रीक शब्दावरून ते आलंय, तेव्हा मराठीत नुसतं ‘पोटाचा आजार’ म्हटलं तरी भाषांतर चुकत नाही.

“औषध काय?” मी विचारलं.

“औषध नाही. पथ्य.”

“किती दिवस?”

बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. डॉक्टर चष्मा पुसायला लागले की समजावं.

गहू, जव आणि राय ही तीन धान्यं बंद. ‘राय’ ऐकून नवऱ्याने घरी येताच मोहरीचा डबा शेजारी देऊन टाकला. दोन दिवस आम्ही बिनफोडणीचं जेवलो. राय हे थंड मुलखातलं धान्य, आपल्या राईशी त्याचा काही संबंध नाही, हे कळल्यावर मोहरी परत मागायला कोण जाणार यावर आमचा तिसरा दिवस गेला.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. दुधातली साखर पचवणारं द्रव्य त्या मखमलीच्या शेंड्यांवर तयार होतं. शेंडेच झिजले, म्हणून दूधही बंद. पुढे बऱ्याच जणांना दूध पुन्हा चालायला लागतं, मला काही लागलं नाही. साताऱ्यात राहायचं आणि कंदी पेढ्यांच्या दुकानावरून मान खाली घालून जायचं, ही शिक्षा कुठल्या जन्मातली कोण जाणे. वर्षभराने कांदा-लसूणही गेला. त्यांच्यात फ्रुक्टान नावाचं एक कर्बोदक असतं. ते गव्हातही असतं, म्हणजे गहू गेला पण आपला एक नातेवाईक मागे ठेवून गेला.

आता गहू नाही, दूध नाही, कांदा-लसूण नाही म्हटल्यावर लोकांना एकच अर्थ लागतो. “कुणाचा अनुग्रह घेतलात?” लग्नात पंगतीला बसले की शेजारची बाई आदराने थोडी सरकून बसते. मी पूर्वी सांगत बसायचे. आता गंभीर चेहऱ्याने मान हलवते. आतड्याचा विषय काढला तर पानावरची माणसं अस्वस्थ होतात, चातुर्मास म्हटलं की गप्प बसतात. फक्त माझा चातुर्मास बारमाही आहे आणि त्याचं पुण्य कुठे जमा होतंय ते कळत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. हा आजार व्हायचाच असेल तर माणसाने महाराष्ट्रात जन्म घ्यावा. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांतलं एकही धान्य मला बाधत नाही. पंजाबात जन्मले असते तर काय केलं असतं, विचार करवत नाही. आणि उपासाचं म्हणाल, तर साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा हे सगळंच्या सगळं चालतं. आपल्या पूर्वजांनी एकादशीच्या नावाखाली ग्लूटेनमुक्त आहाराचा एक अख्खा विभागच उघडून ठेवलाय. उकडीचा मोदक चालतो, तळणीचा चालत नाही. कोकण चालतं, घाट जपून चढावा लागतो.

पण घात होतो तो ओळखीच्या माणसांकडून. माझ्या बाबतीत तो मेतकुटाने केला. लहानपणापासून ताप आला की मऊ भात, तूप आणि मेतकूट. दुखण्याइतकंच दुखण्यातलं हे जेवण माझ्या लक्षात आहे. निदान झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी धीर यावा म्हणून मऊ भात केला, वर मेतकूट पेरलं, दोन घास खाल्ले आणि मग आईला फोनवर सहज विचारलं, मेतकुटात काय काय घालतेस गं? “हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, मूठभर गहू…” ती पुढे हळद, मेथ्या आणि हिंगापर्यंत गेली, पण माझं लक्ष मुठीपाशीच अडकलं होतं. थालिपिठाच्या भाजणीतही तीच मूठ निघाली. आपल्या स्वयंपाकात गहू असा मुठीमुठीने, कुणाच्या लक्षात न येता वावरतो.

वाईची माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. ‘शिवू नकोस, लांब हो’ हे तिचे शब्द मला लहानपणी टोचायचे, आणि मी मोठी झाल्यावर असलं काही करणार नाही, असं मी ठरवलं होतं. आज माझ्या ओट्यावर माझा पोळपाट वेगळा, लाटणं वेगळं, चाळणी वेगळी, आणि माझ्या तव्याच्या कानाला सासूबाईंनी लाल चिंधी बांधली आहे. लेक कणीक मळत असली की मी ओरडते, “तो हात माझ्या डब्याला लावू नकोस!” आजी वरून बघत असेल तर खूश होत असेल. तिच्या सोवळ्यात माणसं विटाळायची, माझ्यात फक्त पीठ विटाळतं, एवढा फरक मी तिला ऐकवेन.

सर्वांत अवघड काम म्हणजे ‘नको’ म्हणणं. आपल्याकडे ‘नको’चा अर्थ ‘आणखी एकदा म्हणा’ असा आहे. पोट एकदाच नाही म्हणतं आणि त्यावर ठाम राहतं, यजमानीणबाई राहू देत नाहीत. “अगं, एवढ्याशाने काय होतंय?” हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. ज्या खाद्यपदार्थावर ग्लूटेनमुक्त असं छापायचं, त्याच्या किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. वीस मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या चिमटीहून कितीतरी कमी. हा आकडा मी एकदा एका मावससासूबाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, “मग तेवढंच देते,” आणि अर्धी पुरणपोळी वाढली.

त्याहून कठीण म्हणजे प्रसाद. सत्यनारायणाचा शिरा म्हणजे सव्वाच्या मापाने रवा, तूप, साखर, दूध. माझ्या दृष्टीने त्यात निर्धोक असं केळंच काय ते. त्यात कथेतली कलावती डोळ्यांपुढे असते. नवऱ्याची नाव आल्याच्या आनंदात ती प्रसाद न घेता धावली आणि नाव नवऱ्यासकट दिसेनाशी झाली. माझं उलटं, प्रसाद घेतला तर माझीच नाव दोन दिवस न्हाणीघराच्या दारात लागलेली. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला आणि कलशापुढचं एक केळं उचलून हातावर ठेवलं. सोपं केलं त्यांनी. वसईच्या माझ्या एका मैत्रिणीला हाच आजार आहे, तिचे गुरुजी रोममध्ये असतात. मिस्सेतली पातळ गोल भाकर गव्हाचीच हवी, तिच्यात थोडं तरी ग्लूटेन पाहिजेच, हे व्हॅटिकनने २०१७मध्ये पुन्हा बजावलं. तेवढंही सोसत नसेल त्याला नुसत्या द्राक्षारसाची मुभा आहे. मी तिला म्हटलं, तुझा सौदा माझ्या केळ्यापेक्षा बरा आहे.

केळ्याचं आणि या आजाराचं नातं तसं जुनं आहे. १८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी हा आजार नीट वर्णन करून सांगितला. बरा झालाच तर आहाराने होईल, हे त्यांनी ओळखलं होतं, पण कुठल्या आहाराने ते सापडत नव्हतं. रोज भांडंभर डच शिंपले खाऊन एक पोर चांगलं बाळसं धरायला लागलं आणि शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खंगलं, अशी नोंद त्यांनी केली आहे. मालवणात जन्मलं असतं तर त्या पोराचा हंगाम जरा लांबला असता. मग अमेरिकेत सिडनी हास यांनी १९२४मध्ये केळ्यांवर मुलं जगवून दाखवली. श्रेय केळ्यांना मिळालं, खरं काम न खाल्लेल्या पावाने केलं होतं.

तो पाव पकडला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. गव्हावर त्याचा संशय आधीपासून होताच. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, माणसं ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली. सगळा देश वाळत असताना सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारत होती. पाव परतला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५०मध्ये डिकेने हे सगळं प्रबंधात मांडलं. ‘पथ्यावर पडणं’ या आपल्या वाक्प्रचाराचा इतका शब्दशः आणि इतका भयंकर अर्थ मी दुसरीकडे वाचलेला नाही.

हे सगळं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या माण तालुक्यातल्या, दुष्काळाची गोष्ट त्यांना कुणी सांगायची गरज नाही. “बहात्तरला आम्ही मिलो खाल्ली,” त्या म्हणाल्या. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. “पिठाला विरी म्हणून नव्हती. थापली की भाकरी फाटायची. पोळी तर सणालाच. तू त्या वेळी आली असतीस तर ठणठणीत राहिली असतीस बघ.” आमच्या वेळी असले आजार नव्हते, हे वाक्य मला इतकं मायेने कुणी ऐकवलं नव्हतं.

परवा आषाढीच्या तोंडावर माझी घरघंटी बंद पडली. मोटर जळली होती, मेकॅनिक आठ दिवसांनी उगवणार होता. गिरणीत मी नऊ वर्षांत पाऊल टाकलेलं नाही, कारण तिथे दिवसभर गव्हावर गहू पडत असतो आणि त्याचं पीठ भिंतींवरसुद्धा बसलेलं असतं. पण कोपऱ्यावरच्या गिरणीबाहेर खडूने लिहिलेलं दिसलं, ‘आज फक्त उपासाचे दळण’. आदल्या रात्री गिरणी खोलून, झाडून, पुसून घेतलेली. मी तीन किलो ज्वारीचा डबा घेऊन तडक रांगेत उभी राहिले.

माझ्या पुढच्या बाईंनी डब्यात डोकावून पाहिलं आणि किंचाळल्याच. “अहो, ज्वारी कुठे आणलीत! उपास मोडेल ना आमचा!” मागून आणखी दोघी पुढे आल्या. नऊ वर्षं मी ज्या नजरेने दुसऱ्याच्या कणकेच्या हाताकडे बघत आले, त्याच नजरेने त्या माझ्या डब्याकडे बघत होत्या. गिरणीवाल्याने डबा उचलून लांब खिडकीत नेऊन ठेवला आणि हात झटकले.

“काकू, तुम्ही सगळ्यात शेवटी. ह्यांचा राजगिरा, वरई झाली की तुमची ज्वारी. अन् तुमची झाली की मग गहू.”

मी पायरीवर बसून घेतलं. आत चाळीसेक किलो उपास दळला जात होता.