घरकुल गावात, मालक सुरतेला: नवख्यांसाठी मार्गदर्शिका

घरासाठी सरकारचे पैसे घ्यायचे आणि त्याच दिवसांत घरी नसायचं, हे जमेल का, असं नवखा माणूस आधी विचारतो. जमतं भो. भुसावळजवळच्या वरणगावच्या आसपास तर इंदिरा आवास योजनेच्या काळापासून जमत आलंय. हतनूर धरणातून सोडलेलं तापीचं पाणी सुरतेला जातं, गावाजवळचा हायवे सुरतेला जातो, मग माणसानंच कुणाचं घोडं मारलंय? फक्त शिस्तीत जमवावं लागतं.

पहिलं काम, आपण खेड्यात राहतो की शहरात हे विचारून घ्या. चेष्टा नाही. वरणगावची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली. म्हशी त्याच, उकिरडे तेच, पण घरकुलाच्या हिशेबात माणूस शहरी झाला. शहरी माणसानं स्वतःच्या जागेवर घर बांधलं तर केंद्राचे दीड आणि राज्याचा एक, असे अडीच लाख. शीव ओलांडून खेड्यात गेलात तर 1 लाख 20 हजार, शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी. 2025 मध्ये राज्यानं त्यात 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनेलचे. विटांच्या भट्टीवाल्याला हा भेद ठाऊक नाही. तो दोघांनाही एकच भाव सांगतो.

आता घर पाडा. आपल्याकडचं जुनं घर म्हणजे धाब्याचं. सागाच्या सऱ्या, त्यावर काड्या-पाला, त्यावर पांढरी माती. बांधायला आजोबांना दोन उन्हाळे लागले होते, उतरवायला एक सकाळ लागते. माती ट्रॉलीत जाते, सऱ्या कुणाच्या तरी गोठ्यात, आणि दाराची चौकट शेजाऱ्याच्या ओट्याला टेकून उभी राहते. माझ्या मामेभावानं शेजारच्या खेड्यात घर उतरवलं, तेव्हा विजेचा मीटर कुठं ठेवायचा हा पेच पडला. भिंतच नव्हती. शेवटी अंगणातल्या निंबाला फळी ठोकून त्यावर मीटर बसला. त्या महिन्याचं लाईट बिल घर नंबरासकट निंबाच्या फांदीत खोचलेलं मी स्वतः पाहिलंय. आधार कार्डावर पत्ता तोच, घर नंबर तोच, नाही ते फक्त घर. तेव्हा ‘तात्पुरतं घराबाहेर’ म्हणजे काय ते इथंच समजून घ्या. तुम्ही रोज रात्री त्याच जागेवर पत्र्याच्या शेडमध्ये झोपलात तरी घराबाहेरच असता.

मग गाव सोडा. ही पायरी ऐच्छिक आहे असं काहींना वाटतं. खेड्यातल्या घरकुलाचा पहिला हप्ता 15 हजारांचा. त्यात पाया खणून होतो, थोडी खडी येते आणि उरल्या पैशात गवंड्याला चहा पाजता येतो. सरकारचा नियम सरळ आहे, आधी काम दाखवा, मग पैसे घ्या. गवंड्याचा नियमही सरळ आहे, आधी पैसे दाखवा, मग काम घ्या. या दोन सरळ नियमांच्या मध्ये जी फट राहते, तिला उधना म्हणतात. सुरतेच्या त्या टोकाला लूमवर बारा-बारा तास उभं राहिलं की दोनेक महिन्यांत जोत्यापुरते पैसे सुटतात.

निघताना आधारला जोडलेलं मोबाईलचं सिम जपा. ते हरवलं तर ओटीपी दुसऱ्याच्या खिशात वाजतो. आणि शेजारच्या काकूंना पक्कं पढवून ठेवा. चौकशीला कुणी आलं तर ‘सुरतेला राहतो’ म्हणायचं नाही, ‘सुरतेला गेलाय’ म्हणायचं. क्रियापदाचा एवढा बारीक विचार मराठीच्या पेपरातही करावा लागत नाही. ‘राहतो’ म्हटलं की कागदावर ‘कायमचे स्थलांतरित’ असा शेरा पडू शकतो, आणि तो पुसायला लागणारी रजा लूमवाला शेठ देत नाही.

या ‘गेलाय’ला इंग्लंडात मुदत आहे. तिथं ‘हाउसिंग बेनिफिट’ ही घरभाड्याची सरकारी मदत घेणारा माणूस परत यायच्या बोलीवर 13 आठवडे देशातल्या देशात बाहेर राहू शकतो, दवाखान्यात असेल तर 52 आठवडे. परदेशी गेला तर बहुधा 4 आठवडेच. म्हणजे तिकडं गैरहजेरी मोजतात तरी. आपल्या वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या बाबूलाही रजेवर असताना घरभाडे भत्ता चालू राहतो. माझ्या पाहण्यातल्या घरकुलाच्या एकाही अर्जावर मात्र ‘कामासाठी गेलोय, येतोय’ असा रकाना नव्हता.

आता मुख्य विधी, फोटो. जोतं झालं की जिओटॅगिंग होतं. घर आणि मालक एकाच चौकटीत दिसले पाहिजेत, म्हणजे पुढचा हप्ता सुटतो. मामेभावाला दुपारी निरोप आला, ‘उद्या सकाळी साहेब येणार.’ तो रात्रीच्या गाडीनं भुसावळला उतरला, तिथून रिक्षा, आणि सातला जोत्यावर हजर. अंगात लूमचाच शर्ट, कॉलरवर सुताचा फुफाटा. साहेब अकराला आले. मोबाईल वर धरला, खाली धरला, निंबाखाली गेले, उन्हात आले. रेंज येईना. भाऊ जोत्याच्या कोपऱ्यावर हात मागे बांधून उभा, शाळेच्या ग्रुप फोटोत उभा राहायचा तसा. ‘हसू नका,’ साहेब म्हणाले. तो हसत नव्हता, डोळ्यांवर ऊन होतं. अखेर फोटो निघाला आणि भाऊ रात्रीच्या गाडीनं परत गेला. चौथ्या दिवशी निरोप आला की फोटो अपलोड झालाच नाही, पुन्हा या. दोन वेळचं भाडं आणि चार खाडे धरले तर त्या हप्त्यातल्या किती विटा गाडीतच राहिल्या, याचा हिशेब त्यानं वहीच्या मागच्या पानावर करून ठेवलाय. कुणी नवखा आला की तो ते पान दाखवतो.

स्लॅबसाठी वेगळी सूचना. पैसे नसले तरी स्लॅब पडतो, उधारीवर. पण त्याला पाणी मारायला माणूस लागतो, आणि पाणी सुरतेहून मारता येत नाही. काकूंना सांगा, काकूंच्या नातवाला पाच रुपयांचं बिस्कीट द्या, पंधरा दिवस निघून जातात.

पूर्ण झालेल्या घराचा फोटो नवा शर्ट घालून काढा. मामेभावानं काढला. कुलूप लावलं, किल्ली काकूंकडे दिली आणि संध्याकाळी स्टेशन गाठलं, कारण सिमेंटवाल्याची उधारी अजून फिटायची होती. मीटर तेवढा निंबालाच आहे. तो घरात घ्यायला अर्ज लागतो, आणि अर्जावर सही करायला मालक घरी लागतो.