घरबसल्या फोर्ट

पावसाळ्यात कुर्ला-शीवला रुळांवर पाणी चढलं की आमच्या ऑफिसचा निरोप येतो, ‘आज घरून काम करावे.’ म्हणजे डोंबिवलीतल्या लिनक्सवरून फोर्टातल्या विंडोजमध्ये शिरावे. लोकलपेक्षा हा प्रवास सुखाचा, असा साहेबलोकांचा समज आहे.

सुरुवात हेल्पडेस्कपासून. तिथला मुलगा फार गोड.

‘‘सर, स्टार्टवर क्लिक करा.’’

‘‘माझ्याकडे विंडोज नाही, लिनक्स आहे.’’

‘‘हो हो सर, पण स्टार्ट तर असेलच ना?’’

मग तो व्हीपीएनची ईएक्सई फाइल पाठवतो. ती इकडे नुसतीच पडून राहते. लिनक्सवर ओपनकनेक्ट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्याचं कितीतरी कंपन्यांच्या व्हीपीएनशी जमतं. आमच्याही जमतं. पण ते मंजूर यादीत नाही. त्यामुळे ते चालत असलं तरी चालत नाही.

व्हीपीएन लागला की एसएसएचने ऑफिसच्या सर्व्हरवर. हे एसएसएच 1995 साली तातू इलोनेन नावाच्या फिनिश माणसाने लिहिलं. त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवरून कोणीतरी पासवर्ड लांबवले होते, त्याचा हा बंदोबस्त. एफटीपीचा पोर्ट 21, टेलनेटचा 23, मधला 22 रिकामा होता. पठ्ठ्याने तो ईमेल करून मागितला आणि दुसऱ्या दिवशी त्याला मिळालासुद्धा! तोच 22 माझ्यासाठी उघडा, असा अर्ज मी केला तेव्हा ‘प्रयोजन स्पष्ट करावे’ असा शेरा येऊन अर्ज परत आला. ‘ऑफिसचे काम’ असं लिहिलं. तेवढ्याने कोणाची खात्री पटेना. शेवटी विभागप्रमुखांची शिफारस जोडली, तेव्हा कुठे घोडं गंगेत न्हालं.

सर्व्हरवरून मग रेमिना नावाच्या प्रोग्रामच्या खिडकीतून माझ्या टेबलावरच्या विंडोजमध्ये. ते आधी आपलं प्रमाणपत्र पुढे करतं. प्रमाणपत्र कोणी दिलं? त्यानेच. स्वतःच्या सहीने स्वतःला चांगल्या वर्तणुकीचा दाखला! आणि आपण तो मुकाट्याने मान्य करतो, कारण पत्रं जायची असतात.

पत्रं मराठीत. इथेच खरी गंमत. घरच्या कीबोर्डवर मी इनस्क्रिप्ट लावून बसलेला असतो. पण पलीकडे अक्षर जात नाही, कोणती कळ दाबली एवढंच जातं. तिथे इंग्रजी लावलेलं असलं की ‘महोदय’ या शब्दाचं सी, यू, ए, ओ आणि एक तिरपी रेघ होते. मजकुराकडे न बघता भराभर टाइप करण्याची सवय असली तर अख्खा विनंती अर्ज असाच उतरतो. वाचायला घेतला की एखाद्याने चुकून पासवर्ड पाठवलाय असं वाटतं.

कधीकधी मात्र रेमिना नुसतीच गोल फिरत बसते. पलीकडचा कॉम्प्युटर झोपलेला असतो. त्यालाही उपाय आहे. सर्व्हरवरून एक ‘मॅजिक पॅकेट’ सोडायचं. त्यात सुरुवातीला सहा वेळा एफएफ असा पुकारा आणि पाठोपाठ त्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, सोळा वेळा. षोडशोपचार पूजाच ही. कॉम्प्युटर बंद असला तरी कार्डाला चिमूटभर वीज मिळत असते, त्यामुळे ते एका कानाने ऐकत राहतं आणि मालकाला उठवतं. भिंतीवरचं बटणच बंद असेल तर मात्र सोळा काय, एकशे आठ वेळा पत्ता घ्या.

आणि भिंतीवरची बटणं आमचे शिपाईमामा संध्याकाळी जाताना न चुकता बंद करतात. वीज वाचवा, असा फलक त्याच ऑफिसने लावलाय.

मामांना फोन केला.

‘‘मामा, माझ्या टेबलाखालचं बटण जरा चालू करता का?’’

‘‘करतो की. पण साहेब, तुम्ही तर आला नाहीत.’’

‘‘मी घरूनच बसणार आहे त्यावर.’’

मामा थोडा वेळ गप्प. मग बटणाचा खट्ट आवाज, पाठोपाठ खुर्ची सरकवल्याचा.

‘‘झालं. इंग्रजीत काहीतरी आलंय, फिरतंय.’’

‘‘फिरू दे. काहीही दाबू नका.’’

‘‘आपण कशाला दाबतोय! बरं साहेब, खुर्ची पुसून ठेवली. पंखा लावू?’’

‘‘लावा,’’ मी म्हटलं, ‘‘दोनवर.’’