समान शिक्षण, सहा पायऱ्यांत
(दिल्लीत नव्याने रुजू होणाऱ्या सुधारकांसाठी)

पूर्वतयारी: शिक्षण मंत्रालयाचा प्रवेश-पास आणि भरपूर धीर. स्वतःच्या मुलांचे प्रवेश चांगल्या खासगी शाळेत आधीच उरकून घ्यावेत. म्हणजे देशाचा विचार शांतपणे करता येतो.

1. आयोग नेमा. नमुना म्हणून 1964 चा कोठारी आयोग घ्या. सदस्य-सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. श्रीमंत असो की गरीब, वस्तीतली सगळी मुलं वस्तीतल्याच शाळेत शिकावीत, असं या आयोगाने 1966 मध्ये सांगितलं. अशा अहवालाचं मनापासून स्वागत करा. स्वागत जोरात झालं की अंमलबजावणीचं कोणी विचारत नाही.

2. खर्चाचा आकडा जाहीर करा. नवा शोधू नका. देशाच्या उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर, हा आकडा 1968, 1986 आणि 2020 अशा तिन्ही शिक्षण धोरणांत आहे. वापर न झाल्यामुळे तो अजून कोरा करकरीत आहे.

3. समानतेसाठी वेगवेगळ्या शाळा काढा. बदलीवाल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना केंद्रीय विद्यालय, खेड्यातल्या हुशारांना नवोदय विद्यालय, दिल्लीतल्या निवडक मुलांना ‘स्पेशलाइज्ड एक्सलन्स’च्या शाळा. कुठल्याच निवडीत न बसलेल्यांसाठी नगर निगमची शाळा आहेच.

4. खासगी शाळांना सवलतीत जमीन द्या. दिल्ली विकास प्राधिकरणाने (डीडीए) दिली, गरीब मुलांना जागा ठेवण्याच्या अटीवर. अट कागदावर असू द्या. 2004 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला तिची आठवण करून द्यावी लागली; तोपर्यंतची वर्षं तरी निवांत गेली.

5. कायदा करा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना दिल्या. त्यासाठी आईबापांनी दाखले आणायचे आणि सोडतीत नाव निघायची वाट बघायची. बाकीच्या जागांसाठी दिल्लीत गुणांचा तक्ता: घर जवळ असल्याचे गुण, भावंड त्याच शाळेत असल्याचे गुण, आई किंवा वडील तिथेच शिकल्याचे गुण. साडेतीन वर्षांच्या मुलाची गुणवत्ता आणखी कशी मोजणार? कायदा फारच जड वाटला तर 2024 चा महाराष्ट्र पाहावा: जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. फेब्रुवारीत काढलेला हा नियम मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत रद्द केला.

6. ही पायरी फक्त माहितीसाठी. करून पाहू नये. ऑगस्ट 2015 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला सांगितलं, की सरकारी तिजोरीतून पैसे घेणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीश यांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेत शिकतील अशी व्यवस्था करा. दिल्लीला खेटून असलेले नोएडा आणि गाझियाबाद त्याच राज्यात येतात. आदेश कागदावरच राहिला, हे सुधारकांचं नशीब. नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची मुलगी सकाळी शाळेत गेली असती, दुपारपर्यंत संडासाला कडी बसली असती, संध्याकाळी गणिताच्या रिकाम्या जागेवर शिक्षक आला असता. एवढं सगळं एकाही धोरणाशिवाय झालं, तर दिल्लीत आपल्याला बोलावणार कोण?