करपायच्या अलीकडे

माझी भाची लीड्सला जन्मली, तिथेच वाढली. तिचं मराठी धुतलेल्या तांदळासारखं स्वच्छ, मोकळं. फोडणीत पडायचं तेवढं राहिलंय. परवा तिला थालीपिठाची भाजणी करायची हुक्की आली. शेगडीशेजारी फोन उभा करून तिने विचारलं, "मावशी, धणे किती वेळ भाजू?" मी सहज म्हणून गेले, "खमंग वास सुटेपर्यंत." "खमंग म्हणजे?" इंग्रजीत सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. 'अरोमा' म्हणावं, तर तो हॉटेलच्या मेन्यूवरचा, इस्त्री केलेला वास. 'रोस्टेड' काय, कच्चट उतरवलेले धणेही म्हणवून घेतील. शेवटी म्हटलं, "करपायच्या जरा अलीकडचा वास." त्यावर तिची शंका रास्तच होती : "पण एकदा करपल्याशिवाय अलीकडचा कुठला ते कळणार कसं?"

तिची भाषा बिचारी मिरची झोंबली तरी 'हॉट' म्हणते आणि चहाने जीभ पोळली तरी 'हॉट'च. पण आपल्या घरी तरी सगळं जागच्या जागी कुठे आहे? संस्कृतातला 'कटु' रस म्हणजे मिरी-सुंठीचा तिखटपणा. कडवटपणाला तिथे 'तिक्त' म्हणत. तोच कटु शतकानुशतकं चालत येताना वाटेत कुठेतरी कारल्याच्या मांडवाखाली विसाव्याला बसला असावा, कारण मराठीत पोचला तो कडू होऊन. आणि पहिल्या पावसात मातीला सुटणारा वास! ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. ग्रीकमधला दगड घेतला, त्याला देवांच्या नसांतून वाहणारा द्रव जोडला. केवढा थाट! इकडे कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा तोच वास चंदनाच्या तेलात उतरवून कुपीत भरत आले आहेत, आणि त्यांचं काम 'मिट्टी' एवढ्यावर भागतं.

आजीचं नाक म्हणजे आमच्या घरचं न्यायालय. शेंगदाणे खवट, पावसाळ्यातली गोधडी कुबट, पितळेच्या पातेल्यात राहिलेलं ताक कळकलेलं. झाकण उचलायची, नाकपुडी किंचित हलायची, की निकाल लागला. पुढे अपील नाही. शेवटी शेवटी तिला दिसेनासं झालं, तरी ओसरीवरून हाक यायची, "दूध लागतंय गं!" हे 'लागणं' भाचीला कुठल्या इंग्रजीत सांगू? दूध पातेल्याच्या बुडाला लागतं, ठेच पायाला लागते, आणि माणसाला माणसाची सवयही लागतेच.

तिकडे धणे तडतडू लागले होते. आम्ही दोघीही गप्प. मग एकदम, "मावशी, आला! म्हणजे... बहुतेक आला!"

"उतरव, उतरव लवकर!" मी इकडून ओरडले.

कढई उतरवल्याचा आवाज आला. मग क्षणभराने तिचा, जरा चाचरत, "मावशी, मला तुझं नुसतं नाकच का दिसतंय?"